पाच रुपयांचा खाऊ

खेड्यातल्या कुठल्याही किराणा दुकानासमोर उभं राहिलं की आधी दुकानदार दिसत नाही, माळा दिसतात. छपरापासून काउंटरपर्यंत लोंबणाऱ्या चकचकीत पुड्यांच्या माळा. लाल, हिरव्या, निळ्या. बहुतेक पुड्या पाच रुपयांच्या, काही दहाच्या. त्यांच्याआड, आत कुठेतरी अंधारात, डाळींची पोती आणि शेंगदाण्याचा डबा. शाळेच्या वाटेवरचं पोर मुठीत नाणं घेऊन येतं, मान वर करतं, बोटाने दाखवतं. दुकानदार हिसका देतो, पुडी तुटून हातात येते. शाळेच्या फाटकापर्यंत ती संपलेलीही असते.

घरात या पुडीला ‘खाऊ’ म्हणतात. शब्द जुनाच आहे, माल बदललाय. आजोबांच्या खिशातून निघणारे शेंगदाणे आणि गुळाचा खडा, जत्रेतून येणारी गोडीशेव आणि बत्तासे, एसटीतून उतरलेल्या पाहुण्याच्या पिशवीतली केळी, हा सगळा खाऊच होता. त्यातही साखर होती. बत्तासा म्हणजे काही पालेभाजी नव्हे. पण जत्रा वर्षातून एकदा यायची आणि पाहुणा महिन्या-दोन महिन्यांनी. आता जत्रा रोज भरते, तीही दाराशी.

खाण्याच्या वाईट सवयींवर लिहायला बसलं की आपल्याकडे लेखणी आपसूक कीर्तनाकडे वळते. जिभेवर ताबा ठेवा. घरचं खा. वेळेवर जेवा. जिभेचे चोचले पुरवाल तर शरीर वसूल करेल. हे सगळं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण आपण ज्याला ‘सवय’ म्हणतो, तिच्यातला मोठा वाटा खाणाऱ्याने निवडलेलाच नसतो. पाच रुपयांच्या भावाने, रेशनच्या पिशवीने आणि दिवसाच्या धबडग्याने ती त्याला लावलेली असते. दोष मात्र त्याच्या एकट्याच्या जिभेच्या नावावर टाकला जातो. हे अन्यायाचं तर आहेच, शिवाय त्याने काही साधतही नाही.

चहा-बिस्किटापासूनच सुरुवात करू, कारण ते ‘खाणं’ आहे असं कुणाला वाटतच नाही. माझ्या ओळखीच्या एक मावशी शेतमजुरीला जातात. पहाटे उठून भांडी, पाणी, पोरांचे डबे, मग कपभर चहा आणि त्यात बुडवलेली चार-पाच बिस्किटं, की निघाल्या. दुपारी बाराला बांधावर भाकरी सोडतील तेव्हा पहिला घास. मध्ये दहा वाजता शेतावर पुन्हा चहा. संध्याकाळी घरी आल्यावर चहा, कुणी आलं-गेलं तर आणखी एक. गेल्या वर्षी त्यांना ‘शुगर निघाली’. डॉक्टरांनी विचारलं, गोड किती खाता? मावशी म्हणाल्या, मी गोड खातच नाही, सणाला एखादी पुरणपोळी. हे त्या अगदी मनापासून सांगत होत्या.

आता हिशेब मांडून बघा. कपाला दोन चमचे साखर ही आपल्याकडे चहाची किमान मर्यादा आहे, त्याखालच्या चहाला लोक ‘फिक्का’ म्हणतात. चमचाभर साखर साधारण पाच ग्रॅम. चार कपांचे चाळीस ग्रॅम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी जी आहार मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दिवसाची मर्यादा वीस ते पंचवीस ग्रॅम दिली आहे. म्हणजे सणाची पुरणपोळी ताटात पडायच्या आतच, नुसत्या चहाने मावशी दीडपटीच्या पुढे गेल्या. वर बिस्किटं. साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या वजनात साधारण चौथा भाग साखर असते. पुडा उलटा करून बारीक अक्षरं वाचा: घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे, आणि पहिली तीन नावं बहुधा मैदा, साखर आणि पामतेल हीच निघतात. ‘ग्लुकोज’ या शब्दात ताकद आहे, हे मात्र आपल्या मनावर दोन-तीन पिढ्या ठसवलं गेलंय. म्हणून तर आजाऱ्याला भेटायला जाताना आपण बिस्किटाचा पुडा नेतो आणि दात न आलेल्या बाळाला चहात भिजवलेलं बिस्किट भरवतो. बिस्किट हे आजाऱ्याचं आणि बाळाचं अन्न! या समजुतीचं मोल कुठल्याही जाहिरातीच्या बिलात बसणार नाही.

अशा न्याहारीने पोटात काय होतं ते काही गूढ नाही. मैद्यातला कोंडा आधीच गेलेला, त्यामुळे पचायला वेळ लागत नाही. साखर तर तयारच. रक्तातली साखर भराभर वर चढते, तिला आवरायला स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, आणि दोन तासांत पुन्हा पोटात खड्डा पडतो. मग दहाचा चहा. वापरून उरलेल्या साखरेची चरबी करायचं काम यकृताकडे येतं, आणि वर्षानुवर्षं हेच चाललं की ती चरबी यकृतातच साठू लागते. दारूचा थेंबही न घेणाऱ्याच्या सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून येतं ते असं. चरबी साठलेलं शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, स्वादुपिंड अधिक जोर लावतं, आणि एक दिवस थकतं. यातल्या कुठल्याही टप्प्यावर दुखत नाही, खुपत नाही. कळतं तेव्हा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (एचबीए१सी) साडेसहाच्या वर गेलेला असतो.

मावशींना चहात आता गूळ चालतो. असं त्यांना कुणीतरी सांगितलं. शहरांत तर ‘गुळाचा चहा’ अशा पाट्या चौकाचौकात लागल्यात. गूळ म्हणजेही साखरच, थोडी लोहाची पुटं चढवलेली. पण पथ्य पाळतोय या समाधानाने कप तेवढा मोठा होतो.

मावशींच्या या दिवसात चोचले कुठे आहेत? मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी घट्ट आहे की गरिबाला तो झाला तरी आपण त्याच्या जिभेचीच चौकशी करतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर घेतलेल्या मोठ्या पाहणीत २०१७ साली पंधरा राज्यांचे निष्कर्ष आले. चंडीगढ, तमिळनाडू आणि महाराष्ट्र इथल्या शहरी भागांत, वरच्या आर्थिक थरापेक्षा खालच्या थरात मधुमेहाचं प्रमाण जास्त आढळलं. त्याच पाहणीचे संपूर्ण देशाचे आकडे २०२३ मध्ये आले: दहा कोटींवर माणसं मधुमेही, आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर, आणि पस्तीस टक्क्यांवर लोकांना रक्तदाब. देशात सगळ्यात वरचा क्रमांक गोव्याचा, २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांमधल्या चौघांत एकाहून जास्त. शहरातला गरीब माणूस स्वस्तात पोट भरणारं खातो. स्वस्तात पोट भरतं ते मैद्याने, साखरेने, तळणीच्या तेलाने आणि भाताने. वडापाव काही मुळातच वाईट पदार्थ नाही, मलाही तो आवडतो. पण दादर स्टेशनबाहेर जन्मल्याचं सांगतात त्या वडापावने शिफ्ट गाठणाऱ्या माणसाला हातात धरून चालता चालता पोट भरायची सोय दिली, हे त्याचं खरं यश. त्याला पर्याय द्यायचा तर तोही हातात धरून खाता आला पाहिजे आणि तेवढ्याच पैशांत मिळाला पाहिजे. सॅलडचा सल्ला या दोन्ही अटींत नापास होतो.

यावरून २०१८ च्या सुमाराचा तो महाराष्ट्रव्यापी वाद आठवतो: दीक्षित की दिवेकर? एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर सांगत होत्या की दर दोन तासांनी थोडं थोडं खा. घराघरांत तट पडले होते. नवरा दीक्षित, बायको दिवेकर, आणि सासूबाई दोघांवर नाराज. मला त्या वादात कोण बरोबर यापेक्षा दुसरीच गोष्ट खटकत होती. दोन्ही सल्ले अशा माणसासाठी होते ज्याची जेवायची वेळ त्याच्या स्वतःच्या हातात आहे. मुकादमाने सुट्टी दिली की जेवणारी, शेवटच्या लोकलने घरी पोचून अकराला ताट घेणारा, सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणारी. यांच्यासाठी कुणी पथ्य लिहिलेलं नाही. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत दिसलं. शेवटी जेवणारीच्या वाट्याला भाजी कमी येते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा त्या भाजीतलं लोहही पुरतं शोषू देत नाही. याला चोचले म्हणायचे?

‘पण मी तर बारीक आहे, मला काय होणार’ म्हणणाऱ्यांसाठी पुण्यातलं संशोधन मुद्दाम सांगायला हवं. आपल्याच गावातलं हे काम जगभर वाखाणलं गेलं, आणि आपल्याकडे मात्र ते डॉक्टरांच्या परिषदांपलीकडे फारसं पोचलं नाही. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंची-वजनाचं गुणोत्तर दोघांचं तंतोतंत सारखं, २२.३. कुठल्याही तक्त्यात दोघेही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. मनगट बारीक, हातपाय काटकुळे, आणि पोट मात्र शर्टाच्या बटणांना ताण देणारं. आपल्या ऑफिसांत ही देहयष्टी शोधायला दुर्बीण लागत नाही.

ही चरबी येते कुठून, याचं उत्तर शोधायला याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेले. १९९३ पासून तिथल्या स्त्रियांची, त्यांच्या गरोदरपणाची आणि जन्मलेल्या मुलांची नोंद ठेवली गेली. ती बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान होती, सरासरी २.७ किलोंच्या आसपास. स्नायू कमी, अवयव लहान; पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. जन्मतःच बारीक आणि जाडही. गरोदर बाई एकूण किती खाते याचा बाळाच्या वजनाशी फारसा ताळमेळ लागला नाही. ताळमेळ लागला तो दुधाशी, फळांशी आणि हिरव्या पालेभाज्यांशी. मेथी, चाकवत, अंबाडी, तांदुळजा खाणाऱ्या बायकांची बाळं अंगापिंडाने बरी होती. पुढे हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर पाहिलं तर आईच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी कशी होती याचाही माग त्यांच्या इन्सुलिनमध्ये सापडला. हे जीवनसत्त्व मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून.

मला या संशोधनातली एक गोष्ट फार अस्वस्थ करते. खाण्याच्या ज्या ‘सवयी’वरून आपण माणसाला दोष देतो, ती त्याने तोंड उघडायच्या आधी सुरू झालेली असते. आईच्या ताटात भाजी किती पडली, यावर त्याचं पन्नाशीतलं स्वादुपिंड काही अंशी ठरलेलं असतं. आणि आईच्या ताटात भाजी किती पडली, हे आईने ठरवलेलं नसतं.

मग ते कोण ठरवतं? आपल्याकडे त्याचं एक उत्तर रेशनच्या दुकानात मिळतं. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना मिलो आणि सुकडी हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. अमेरिकेतून आलेली ती लाल मिलो ज्वारी लोकांनी नाक मुरडत खाल्ली आणि जगले. त्या काळात धान्याने पोट भरणं हाच प्रश्न होता, आणि देशाने तो सोडवला, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सोडवताना ताटाचा आकार बदलला. गहू-तांदळाला हमीभावाने खरेदी, गोदाम आणि रेशनचं दुकान मिळालं. ज्वारी-बाजरीला ते त्या मानाने मिळालं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी महिना पाच किलो धान्य लिहिलं: तांदूळ तीन रुपये, गहू दोन, आणि भरडधान्य एक रुपया किलो. कागदावर सगळ्यात स्वस्त भरडधान्यच. पिशवीत मात्र वर्षानुवर्षं गहू-तांदूळच पडत आले. ज्वारी आलीच तर अधूनमधून, एखाद्या जिल्ह्यात. आता ते धान्य फुकट मिळतं. फुकटच्या तांदळासमोर बाजारातली ज्वारी विकत घ्यायची ऐपत असलेलं घर वेगळं असतं. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, छान झालं. पण जी भाकरी मजुराच्या हातावर असायची ती आता हायवेवरच्या ‘चुलीवरचं जेवण’ पाटीखाली, गाड्या थांबवून खायची चीज झाली. डाळीचं तर त्या कायद्यात नावच नाही, तेलाचंही नाही.

राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला तेव्हा त्यात काय होतं आठवतं? रवा, साखर, पामतेल आणि हरभरा डाळ. चारातली एक डाळ. साखर आणि पामतेलाची ओळख वर होऊन गेली आहे. सण आहे, गोडधोड हवंच, हे मान्य. मात्र सरकारला गरिबाचा आनंद म्हटलं की रवा-साखर-तेल हेच सुचतं, यात त्या ताटाबद्दलचं आपलं सगळं आकलन आलं. करडई ज्या महाराष्ट्रात पिकते आणि जिच्या घाण्याच्या तेलावर सोलापूर-मराठवाड्यातल्या घरांच्या फोडण्या बसल्या, तिथे परदेशातलं पामतेल सणाची भेट म्हणून वाटलं गेलं.

इथे मला स्वतःचीच एक आवडती समजूत मोडावी लागते. भाकरीकडे परत चला, सगळं ठीक होईल, असं मीही बरीच वर्षं मानत होतो. पण आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या त्याच मधुमेह पाहणीतून २०२५ मध्ये आहाराबद्दलचे जे निष्कर्ष आले ते या भाबडेपणाला धरून नाहीत. भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे बासष्ट टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात, म्हणजे भात, पोळी, साखर यांतून. आणि नुसता तांदूळ काढून गहू घातला, किंवा गहू काढून ज्वारी-नाचणी घातली, पण एकूण पिष्टाचा ढीग तेवढाच ठेवला, तर मधुमेहाचा धोका कमी झाल्याचं दिसलं नाही. धोका कमी दिसला तो त्यातला थोडा भाग काढून त्या जागी डाळी, दूध अशी प्रथिनं आली तेव्हा. म्हणजे प्रश्न भाकरी की पोळी हा नाही. ताटातला वरणाचा वाटा किती, उसळ किती, ताक किती, हा आहे. तिसऱ्या भाकरीऐवजी मटकीची दुसरी वाटी, इतकं साधं. फक्त मटकी भाकरीपेक्षा महाग आहे, आणि रेशनवर मिळत नाही.

मिठाचं थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत म्हणते. आपण त्याच्या दुपटीच्या आसपास असतो. लोणचं, पापड, फरसाण, आणि त्या माळांमधल्या पुड्या. पस्तीस टक्के रक्तदाबाचं एक कारण तिथे आहे, आणि रक्तदाबाची गोळी मध्येच ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडून देण्याचं फळ डायलिसिसच्या खुर्चीत भोगणारी माणसं आता तालुक्याच्या गावीही दिसतात.

लोकांनी काय खावं हे सरकारने सांगू नये, ताटात डोकावू नये, असा आक्षेप शहाणी माणसंही घेतात. तत्त्व म्हणून मलाही तो पटतो. कुणी काय शिजवावं यावर पोलिसी नजर असलेल्या समाजात मला राहायचं नाही. पण सरकार ताटाबाहेर आहे ही कल्पनाच चुकीची आहे. ते केव्हाच ताटात बसलेलं आहे. गहू-तांदूळ कुठल्या भावाने खरेदी होतो, उसाला काय दर मिळतो, पामतेलावर आयातशुल्क किती, बिस्किटावर कर किती, यातलं प्रत्येक उत्तर सरकार देतं. प्रश्न इतकाच की बसलंच आहे तर त्याने कुठल्या बाजूने वाढावं.

२०२५ हे वर्ष या दृष्टीने बघण्यासारखं होतं. जानेवारीअखेर संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणीत केंद्र सरकारच्याच अर्थतज्ज्ञांनी अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाबद्दल धोक्याचा इशारा दिला, वेष्टनावर ठळक माहिती आणि जास्त कर असे उपाय सुचवले. सप्टेंबरात जीएसटीचे दर बदलले. बिस्किटांवरचा कर अठरा टक्क्यांवरून पाचवर आला, चॉकलेटचाही तसाच, पाकीटबंद फरसाण आणि नूडल्सचा बारावरून पाचवर. गोड शीतपेयांवर मात्र चाळीस टक्के कायम राहिले, एवढी एक गोष्ट हाती लागली. त्या वेळी पेपरांत आलं होतं की पाचच्या पुड्याची किंमत पाचच ठेवून आतलं वजन वाढवायचं असं कंपन्या ठरवताहेत. खिशाला दिलासा म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जानेवारीची पाहणी सप्टेंबरपर्यंत कुणाच्या स्मरणात राहिली होती, माहीत नाही.

वेष्टनावरच्या माहितीचं तेच. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी किंवा उष्मांक जास्त असलेल्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोन छापायला लावले. अक्षर न वाचता येणाऱ्या आजीलाही कळावं, दोन काळे ठोकळे म्हणजे नातवाला नको. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा, म्हणजे वीजबिल वाचवणाऱ्या फ्रिजसारखा. अर्धा तारा ते पाच तारे. तारा हे आपल्याकडे शाबासकीचं चिन्ह आहे. शाळेत बाईंनी हातावर काढलेला तारा घेऊन आपण घरी पळत आलेलो असतो. दीड तारा मिळवलेल्या चिप्सच्या पुडीला आमची मावशी नापास म्हणेल की बक्षीसपात्र, हे सांगायला तज्ज्ञ नको. काळा ठोकळा हवा, आणि तो पुडीच्या तोंडावर हवा. मागे, शिवणीखाली, मुंगीच्या अक्षरांत नको.

शाळांचं काय? महाराष्ट्राने २०१७ सालीच शासन निर्णय काढून शाळांच्या उपाहारगृहांतून चिप्स, नूडल्स, शीतपेयं हद्दपार केली होती. २०२० चा केंद्रीय नियम आणखी पुढे गेला: शाळेपासून पन्नास मीटरच्या आत असे पदार्थ विकायचे नाहीत. आता माळा लटकणारं ते दुकान शाळेच्या फाटकापासून किती पावलांवर आहे, हे आपापल्या गावात जाऊन मोजावं. आणि दुकानदाराला दटावण्याआधी त्याच्याशीही बोलावं. फुटाणे सुटे तोलायचे, कागदात बांधायचे, पोराने दोन रुपयांचे मागायचे. त्यात त्याला काय सुटणार? पुडीच्या माळेला तोलणं नाही, सांडणं नाही, कीड नाही, आणि लटकवून जाणारा माणूस आठवड्याला येतो. महिला बचत गटांच्या चिक्क्या आणि राजगिऱ्याचे लाडू पाच रुपयांच्या पाकिटात, त्याच खिळ्यावर लटकले पाहिजेत. प्रदर्शनातल्या स्टॉलवर वर्षातून चार दिवस मिरवून भागणार नाही. बचत गटाला तेवढा माल लावायला खेळतं भांडवल आणि पाकीट बांधायचं यंत्र लागतं, भाषण लागत नाही.

रेशनवर महिन्याला माणशी एक किलो डाळ ही माझी आणखी एक मागणी आहे. खर्चिक आहे, ठाऊक आहे. काही राज्यं ती आपल्या बळावर देतातही.

आणि शेवटची मागणी नवी नाही, दिलेलं काढून घेतलं ते परत द्या, एवढीच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. अंडं न खाणाऱ्या मुलाला केळं. ज्या बी-१२ चा माग पुण्याच्या सहा खेड्यांत लागला होता, ते त्या अंड्यात होतं. प्रथिनंही होती. एका अंड्यासाठी शाळेला पाच रुपये धरले होते, तेवढ्यात बाजारात अंडं मिळत नव्हतं म्हणून मुख्याध्यापक कुरकुरले, ते खरंच होतं. तरी मुलं अंड्याच्या वाराची, बुधवारची किंवा शुक्रवारची, वाट बघायला लागली होती. २०२५ च्या जानेवारीत नवा शासन निर्णय आला: अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही. शाळेला द्यायचंच असेल तर गावातून लोकवर्गणी काढावी.